वळण



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७, ८ आणि ९.

काल आपण इथपर्यंत आलो होतो की यज्ञ, दान, तप ही कर्मं टाकायची नाहीत, करायचीच, फक्त आसक्ती आणि फळ सोडून. आज भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. वाट्याला आलेलं काम मोहामुळे सोडलं तर तो तामस त्याग. त्रास होतो, अंगाला झळ लागते म्हणून सोडलं तर राजस, आणि अशा सोडण्यातून त्यागाचं फळ काही पदरात पडत नाही. करायलाच हवं म्हणून केलं, पण त्यातली आसक्ती आणि फळ सोडलं, तर तो सात्त्विक. वाचायला एक मिनिट लागतं. मागच्या पारायणात मी या तिन्हींवर मिळून एका ओळीची नोट लिहून पुढे गेलो होतो.

यंदा गाडी अडकली, आणि अडकली ती ८० आंब्याच्या झाडांत. त्यामुळे आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमचे अप्पा वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झाले. आम्ही बजाजनगरच्या रो हाऊसमध्ये राहतो, गावाकडची थोडी जमीन गंगापूर तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रातून केशरची कलमं आणली आणि वीस गुंठ्यांत लावली. पाच बाय पाच मीटरवर, म्हणजे ८० झाडं. जुन्या लोकांना हे अंतर बघून हसू येतं, कारण पूर्वी दहा बाय दहा मीटरवर आंबा लावायचे, एकरात जेमतेम ४०. आता घन लागवड म्हणतात. झाडं जवळ लावायची, छाटून बुटकी ठेवायची, आंबा हाताने तोडायचा. केशर मूळचा आपला नाही, जुनागढचा. १९३४ मध्ये तिथल्या नवाबाने त्याला हे नाव दिलं असं सांगतात. पण इथल्या मातीत इतका रुळला की 'मराठवाडा केशर' म्हणून त्याला स्वतःचं भौगोलिक मानांकन मिळालंय.

तर या जूनमध्ये मी लॅपटॉप बंद करून सुट्टी टाकली आणि लेकीला घेऊन शेतात गेलो. आणि पाहतो तर काय, झाडं काठीसारखी सरळ वर गेलेली. काही माझ्या डोक्याच्या वर. फांद्याच नाहीत. अप्पांनी दोन वर्षांत एकाही झाडाला कात्री लावली नव्हती.

"अप्पा, शेंडा खुडायला सांगितला होता ना त्यांनी?"

"सांगितला होता."

"मग?"

"जीव होत नाही बाबा. एवढं जोमात चाललंय, त्याचा शेंडाच मोडायचा?"

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आंब्याच्या कलमाचा शेंडा साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर कापतात. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की हे डोळे जागे होतात आणि पंधरा-वीस दिवसांत फुटवे येतात. त्यातले तीन-चार ठेवायचे, चारी दिशांना तोंड असलेले, खोडावर वेगवेगळ्या उंचीवर आलेले, खोडाशी रुंद कोन करणारे. बाकीचे काढून टाकायचे. पुढे त्या फांद्यांचाही शेंडा असाच मारायचा, म्हणजे तीनाच्या नऊ होतात. कुठे कापायचं यालाही महत्त्व आहे. आंब्याला एकेका नवतीच्या शेवटी डोळ्यांचा झुबका असतो. त्या गाठीच्या वर कापलं की एकाच जागेवरून सात-आठ फुटवे, छत्रीच्या काड्यांसारखे. गाठीच्या खाली कापलं की कमी फुटवे आणि सुटे सुटे. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट मात्र दिसली की काढायची. ती गावरान खुंटाची असते, जोरदार असते, आणि दुर्लक्ष केलं तर दोन-तीन वर्षांत केशर मरून गावरान उभा राहतो.

कोन रुंद का हवा? अरुंद बेचक्यात दोन्हीकडची साल आत दाबली जाते, लाकूड लाकडाला नीट सांधत नाही. वरून सगळं धडधाकट दिसतं. फळाचं ओझं आलं की तिथूनच चिरतं. हे मला वाचून माहीत होतं, पण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. कडेच्या ओळीतल्या एका झाडाला फेब्रुवारीत मोहोर आला होता. पहिली तीन वर्षं मोहोर खुडून टाकायचा असतो, झाडाची ताकद फळात न जाता मुळा-खोडात जावी म्हणून. अप्पांनी तोही खुडला नाही. चार आंबे धरले. एप्रिलच्या वाऱ्यात ती फांदी बेचक्यातून फाटली ती थेट खोडाची साल घेऊन खाली आली.

मराठीत या कामाला शब्द कोणता आहे बघा. कृषी खात्याच्या पुस्तिकेतही तोच असतो : झाडाला 'वळण देणे'. आणि आपल्या घराघरांत पोराबद्दल काय म्हणतात? "जरा वळण लावा त्याला."

मी आठव्या श्लोकापाशी पोचलो तो इथे. अप्पांनी काम सोडलं होतं. का सोडलं? मोहामुळे की दुखतं म्हणून? तामस की राजस? मी मोठ्या ऐटीत मनातल्या मनात अप्पांचं वर्गीकरण करत होतो. आणि त्याच वेळी आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं. ते सांगायला थोडा संकोच वाटतो, पण या ब्लॉगवर आपण खोटं लिहीत नाही असं ठरलंय.

या माणसाला माझा शेंडा मारताना जीव झाला होता.

मी दहावीला होतो, २००५ साली. चौथीपासून पखवाज शिकत होतो, आमच्या भागातल्या हरिपाठाला वाजवायचो. आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या आपल्या छोट्या पंढरपुरात दिंड्या येतात, तिथेही दोन वर्षं साथीला उभा राहिलो होतो. डाव्या पुडीला कणीक लावायचं काम मला भारी आवडायचं. ओल्या कणकेचा तो वास अजून आठवतो. जूनमध्ये दहावी सुरू झाली आणि अप्पा म्हणाले, "यात काही भविष्य नाही, आता फक्त अभ्यास." पखवाज माळ्यावर गेला. बारावीनंतर सीईटी, मग इंजिनीअरिंग. मी सेकंड इयरला असताना अप्पांनी तो एका भजनी मंडळाला देऊन टाकला. मी रडलो वगैरे नाही. नोकरी लागली, घराचं लोन फिटलं, सगळं अप्पा म्हणाले तसंच झालं. त्यांचा अंदाज चुकला नाही, आणि माझ्या तक्रारीची अडचणच ती आहे.

अमेरिकेत अलेक्स शिगो नावाचे एक वन-संशोधक होऊन गेले. त्यांनी झाडं चेनसॉने उभी चिरून आतल्या जुन्या जखमा पाहिल्या, आणि १९७० च्या दशकात एक गोष्ट मांडली. आपली कातडी जशी भरून येते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती उभ्या करतं, खराब भाग बंदिस्त करतं, आणि त्याच्यावर नवं लाकूड चढवत जातं. जखम आतच राहते. पन्नास वर्षांनी चिरलं तरी सापडते. म्हणून छाटणी लहानपणी करायची, फांदी बोटाएवढी असताना. ती जखम चिमुकली असते, झाड एका हंगामात झाकून टाकतं. मनगटाएवढी फांदी कापली तर झाकायला वर्षं लागतात, तोवर कूज आत शिरते. कापताना खुंटी ठेवायची नाही, आणि अगदी खोडाला घासूनही कापायचं नाही. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ती शाबूत ठेवून तिच्या बाहेर कापायचं, कारण झाकण्याचं काम ती कड करते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक कापण्याच्या बाबतीत बिनधास्त असतो. हजार ओळींचा कोड उडवला आणि चुकलं तर काय, मागचं व्हर्जन परत आणायचं. झाडात ती सोय नाही. पोरातही नाही.

तर आम्ही कामाला लागलो. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, अशी बोर्डो पेस्ट केली. पावसाळ्यात कापलेल्या तोंडातून बुरशी जाते, म्हणून लगेच लावायची. मी कापायचो, लेक ब्रशने पेस्ट लावायची. ती आठ वर्षांची आहे. पहिल्या झाडाला ती 'सॉरी' म्हणाली, पाचव्यानंतर विसरली. अप्पा बांधावर बसले होते.

तो बांध आणि त्यावरचा गावरान आंबा हा या विषयातला माझा सगळ्यात मोठा प्रतिपक्ष आहे. त्या झाडाला कुणीच कधी वळण दिलं नाही. अप्पांच्या आज्यापासून आहे म्हणतात. आभाळात गेलाय, ऐन उन्हात त्याच्याखाली गारवा असतो. मग "झाडाच्या भल्यासाठी छाटतो" हे आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं? खरं बोलायचं तर छाटणी बरीचशी आपल्या भल्यासाठी आहे. आंबा हाताला यावा, क्रेटमध्ये बसावा, फवारा वरपर्यंत पोचावा. मोहोर खुडणं तर मला आधी फळत्यागाचं मस्त उदाहरण वाटलं होतं, या पोस्टसाठी लिहूनही ठेवलं होतं. मग खोडलं. कारण आपण यंदाचे चार आंबे सोडतो ते पाच वर्षांनी क्रेट भरावेत म्हणून. त्याला त्याग म्हणत नाहीत, गुंतवणूक म्हणतात. भगवंत ज्या फळाबद्दल बोलतात ते असलं लांबणीवर टाकलेलं फळ नव्हे. अप्पांनी पखवाज माळ्यावर टाकला तेव्हा त्यांनी काही सोडलं नव्हतं, त्यांनी माझ्या नावाने मुदत ठेव केली होती.

पण मग छाटणी नकोच असंही होत नाही. गावरान आंब्याला भोवती मोकळं रान होतं. या केशरला आपण पाच मीटरच्या चौकटीत आणून उभं केलंय. आजूबाजूला त्याच्यासारखीच ७९. सोडून दिलं तर सगळी उन्हासाठी एकमेकांशी मारामारी करत वर जातील, आत अंधार होईल, खालच्या फांद्या वाळतील. ज्याने जवळ लावलं त्याच्यावर छाटण्याचं काम येतं. सातव्या श्लोकातलं 'नियत कर्म' मला इथे पहिल्यांदा नीट दिसलं. ते आकाशातून पडत नाही. आपण आधी जे करून बसलो त्यातून ते आपल्या अंगावर येतं. मी लेकीला दोन खोल्यांच्या घरात, चाळीस पोरांच्या वर्गात, मोबाइलच्या शेजारी आणून ठेवलंय. "मुलांना मोकळं वाढू द्या" असं म्हणून मला हात झटकता येणार नाहीत. ते दिसायला प्रेम दिसेल, पण आठव्या श्लोकात बसेल.

एकनाथ महाराजांनी ज्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. पहिला गुरू पृथ्वी, आणि तिच्याच बरोबर डोंगर आणि झाड. झाडाकडून काय शिकायचं, तर स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवणं. साधकाने स्वतःहून हे शिकणं सुंदर आहे. पण बापाने पोराला "तू झाड हो" म्हणणं? त्यातला गुरूच गायब झाला, नुसती कुऱ्हाड राहिली. पंधराव्या अध्यायातला तो उलटा अश्वत्थ आठवा, मुळं वर आणि फांद्या खाली. तोही तोडायचाच आहे, अनासक्तीच्या शस्त्राने. पण ते शस्त्र ज्याचं झाड त्याच्याच हातात दिलंय. आणि अठराव्यात, आपण अजून तिथे पोचलो नाही पण ६३ व्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. साक्षात भगवंत कात्री खाली ठेवतात.

अर्जुन मात्र मोठा माणूस होता. आठ वर्षांच्या पोरीला "विचार कर आणि हवं तसं कर" म्हटलं तर ती रात्रीच्या जेवणाला आइस्क्रीम खाईल.

माझा हिशेब इथे अडकलेला होता आणि दुपार झाली होती. तेवढ्यात चौथ्या ओळीतल्या एका झाडापाशी लेक ओरडली, "आजोबा, याला दोरी चावलीय!" पहिल्या वर्षी वाऱ्याने हलू नये म्हणून कलमं बांबूला बांधली होती. सुतळीने, इंग्रजी आठच्या आकड्यात, सैल बांधायची असतात. थोडं हललं पाहिजे. वाऱ्यात डोलणारं खोड जाड होतं, गच्च बांधलेलं किडकिडीत राहतं. बहुतेक झाडांची सुतळी कुजून गळून गेली होती. या झाडाला सुतळी संपली म्हणून नायलॉनची दोरी बांधलेली. ती कुजली नाही. खोड जाड होत गेलं आणि दोरी आत रुतत गेली. वर फुगवटा, खाली फुगवटा, मध्ये खाच.

अप्पा बांधावरून उठून आले. खिशातलं ब्लेड काढलं आणि मांडी घालून बसले. अर्धा तास लागला. एका बाजूने साल जरा उघडली, दोरीचा एकेक पीळ कापला, चिमट्याने ओढला. मी म्हणालो, "अप्पा, राहू द्या, मी करतो." ते काही बोलले नाहीत. दोरी पूर्ण निघाल्यावर त्यांनी खाचेत पेस्ट भरली, बोट पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बांधलं तवा बरोबर होतं. सोडायचं राहून गेलं."

ते झाडाबद्दल बोलत होते. मला तरी तसंच धरून चालणं भाग होतं. आमच्या घरात याहून जास्त कुणी बोलत नाही. मी "हं" म्हणालो आणि दोरीचे तुकडे गोळा केले, गुरं खातात म्हणून.

आता लेकीच्या बाबतीतलं. तिला चार क्लास आहेत. अबॅकस, कथक, चेस आणि मुलांसाठीचं ऑनलाइन कोडिंग. शाळा धरून आठवड्याला पोरीला श्वास घ्यायला जागा नाही. दोन क्लास बंद करायचे हे जूनच्या आधीच ठरलं होतं, आणि यादीत पहिलं नाव मी कथकचं लिहिलं होतं. कारण? "त्यात पुढे काही स्कोप नाही." हे वाक्य मी बायकोला जसंच्या तसं म्हणालो होतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांपूर्वीचा आवाज माझ्याच तोंडातून येत होता आणि मला ऐकू आला नव्हता.

शेतातून आल्यावर लेकीला विचारलं, यातले दोन बंद करायचे, कोणते करू? मला वाटलं होतं आता ती कथकला बिलगेल आणि आपला छानसा पश्चात्तापाचा प्रसंग होईल. ती म्हणाली, अबॅकस ठेव. का? तर क्लासच्या बाहेर भेळवाला असतो आणि मैत्रीण तिथे येते. कथक? "असू दे. पाय दुखतात पण असू दे." चेस नको. कोडिंगबद्दल ती काहीच बोलली नाही. परत विचारलं तेव्हा म्हणाली, "ते तर तुझं आहे ना बाबा."

मी कोडिंग बंद केलं. चेसही. इतर पालकांच्या ग्रुपवर कोडिंगच्या सर्टिफिकेटचे फोटो येतात तेव्हा पोटात अजून हलतं. नवव्या श्लोकात दोन गोष्टी सोडायला सांगितल्यात, आसक्ती आणि फळ. क्लासची फी थांबवली की फळ बहुतेक सुटतं. आसक्तीचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. कथक पुढे किती वर्षं, मध्येच पाय जास्त दुखले तर थांबवायचं की "अजून थोडं रेट" म्हणायचं, तेही माहीत नाही. ते त्या त्या वेळी तिच्याशी बोलून बघावं लागेल.

परवा रविवारी परत शेतात गेलो होतो. कापलेल्या बहुतेक झाडांना फुटवे आलेत, तांबूस, लुसलुशीत. दोरी काढलेल्या झाडालाही आलेत, जरा उशिरा. लेकीने घरून लाल लोकर आणली होती. कुठले फुटवे ठेवायचे ते तीच ठरवणार म्हणाली आणि प्रत्येक झाडाला चार-चार धागे बांधत सुटली, सैल, मी सांगायच्या आधीच. तिने निवडलेल्यातला एक फुटवा सरळ आत, खोडाकडेच चाललेला. तो ठेवत नाहीत. मी कात्री पुढे केली तर ती मध्ये आली.

"राहू दे ना तिचा," अप्पा म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू. बारीकच असतोय तवर."

मी कात्री खिशात ठेवली.

उद्या श्लोक १०. राम कृष्ण हरी.